मांजरेच्या पाण्यात थायरॉइडचा वैरी आहे का, हे कळतं कसं?

मैत्रिणींनो, हल्ली गटाच्या बैठकीत हप्ते-व्याजाचं बोलणं संपलं की तब्येतीचं बोलणं निघतं, आणि त्यात एक शब्द सारखा येतो – थायरॉइड. कुणाला गोळी चालू झालेली असते, कुणाची सून तपासणीला गेलेली असते. मग कुणीतरी म्हणतंच, "अवो, हे सगळं पाण्यामुळं होतंय. नदीत काय काय सोडतेत!" दुसरी म्हणते, "पाण्याचा रिपोर्ट तर चांगला आलाय की."

दोघींचंही बोलणं अर्धं बरोबर आहे. राहिलेलं अर्धं या लेखात समजून घेऊ. पाण्यात थायरॉइड बिघडवणारं काही आहे का हे शोधतात कसं, त्यातलं काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, हे एकदा कळलं की उगीच घाबरायला नको आणि उगीच निर्धास्तही राहायला नको.

आधी ग्रंथीची ओळख

थायरॉइड ही गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखरासारखी बसलेली लहानशी ग्रंथी. ती रक्तातलं आयोडीन ओढून घेते आणि त्यापासून टी-४ आणि टी-३ ही दोन संप्रेरकं तयार करते. शरीराची भट्टी किती जोरात चालायची, हे ही संप्रेरकं ठरवतात. ती कमी पडली की थकवा येतो, वजन वाढतं, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, केस गळतात, कातडी कोरडी पडते, पाळी मागेपुढे होते. बाईनं ही तक्रार सांगितली की घरचे म्हणतात "कामाचा कंटाळा आलाय". तसं नसतं. टीएसएच नावाच्या एका रक्ततपासणीत खरं काय ते कळतं.

२०१३ साली देशातल्या आठ शहरांतल्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यात दर शंभर प्रौढांमागे जवळजवळ ११ जणांची थायरॉइड मंद निघाली. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा त्रास कितीतरी जास्त असतो. पण ध्यानात ठेवा, याचं सगळ्यात नेहमीचं कारण पाणी नाही. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच ग्रंथीवर उलटते, हे एक मोठं कारण. आयोडीन कमी पडणं हे दुसरं. पाण्यातली रसायनं त्यानंतर येतात. मग त्यांची एवढी काळजी का करायची? गरोदरपणासाठी. पहिले तीन महिने पोटातल्या बाळाची थायरॉइड काम करत नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्याच संप्रेरकावर चालते. मोठ्या माणसाला जी कमतरता जाणवतही नाही, ती त्या बाळाला महागात पडू शकते.

रसायन ग्रंथीला अडवतं कसं?

तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे दारातली धक्काबुक्की. ग्रंथीच्या पेशीला आयोडीन आत घ्यायला एक दार असतं. नायट्रेट आणि परक्लोरेट यांचे कण आयोडीनसारखेच दिसतात, म्हणून ते त्याच दारात घुसतात आणि आयोडीन बाहेर राहतं. परक्लोरेट रॉकेटच्या इंधनात आणि फटाक्यांत वापरतात. या धक्काबुक्कीत ते फार जोरकस आहे. आयोडीनपेक्षा कितीतरी पटीनं जास्त घट्ट ते दाराला चिकटतं. नायट्रेट तसं कमजोर, पण त्याची संख्या मोठी. हिशेब करा. पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अशा काठावरच्या पाण्याचे दोन लिटर प्यायले तर ९० मिलिग्रॅम नायट्रेट पोटात गेलं. बाईला दिवसाला आयोडीन लागतं १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१५ मिलिग्रॅम. एका आयोडीनमागे वजनानं ६०० पट नायट्रेट!

दुसरी वाट म्हणजे कारखाना बंद पाडणं. आयोडीन आत गेलं तरी त्याचं संप्रेरक बनवायला एक विकर लागतं. मँकोझेब हे बुरशीनाशक टोमॅटो, मिरची, द्राक्षं अशा पिकांवर सर्रास मारलं जातं. ते कुजलं, तापलं की त्यातून ईटीयू नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो या विकराला अडवतो. युरोपीय संघानं डिसेंबर २०२० मध्ये मँकोझेबची परवानगी पुढे चालू ठेवायची नाही असं ठरवलं, त्यामागं संप्रेरकं बिघडवणं हे एक कारण होतं.

तिसरी वाट नकली निरोपाची. काही औद्योगिक रसायनांची ठेवण संप्रेरकासारखीच असते. ती रक्तातल्या खऱ्या संप्रेरकाची जागा अडवतात किंवा पेशीला चुकीचा निरोप देतात. जंतुनाशक साबणांत वापरलं गेलेलं ट्रायक्लोसान, प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए, जुन्या विजेच्या रोहित्रांतल्या तेलातली पीसीबी ही या जातीची नावं.

"रिपोर्ट चांगला आलाय" याचा खरा अर्थ

आपली मांजरा बीड जिल्ह्यात पाटोदा भागात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. औराद शहाजानीजवळ तिला तेरणा मिळते. पुढं कर्नाटक आणि तेलंगणातून फिरून ती गोदावरीला जाते. वाटेत शहरांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, शेतातलं खत आणि फवारणीचा निचरा, सगळं तिच्या पोटात येतं. पाऊस चांगला झाला तर ते पातळ होतं. पण आपला मुलूख अवर्षणाचा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. धार आटली की घाण तेवढीच राहते आणि पाणी मात्र कमी होतं. म्हणून बंधाऱ्यात साचलेलं उन्हाळ्यातलं पाणी जास्त जपून पाहावं लागतं.

नदी घाण आहे की नाही हे सरकार कशावरून ठरवतं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले होते, सगळ्या राज्यांत जास्त. गोदावरीचा पट्टाही त्यात होता. पण ही यादी बीओडी या एका मोजमापावर केलेली आहे. पाण्यातली सडकी घाण कुजताना किती प्राणवायू खाते, ते बीओडी सांगते. सांडपाणी ओळखायला हे माप उत्तम. थायरॉइडच्या वैऱ्याबद्दल मात्र ते एक शब्दही सांगत नाही.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००. त्यात नायट्रेट आहे. कीटकनाशकं आणि तणनाशकं मिळून १८ नावं आहेत. परक्लोरेट नाही, ईटीयू नाही. शिवाय मानकात नाव असलं तरी प्रत्येक नमुन्याला प्रत्येक तपासणी होत नाही. गावच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये सामू, क्षार, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि जंतू एवढंच बहुधा पाहिलेलं असतं.

तेव्हा रिपोर्टवर "पिण्यास योग्य" लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ "जे तपासलं ते मर्यादेत आहे" एवढाच धरायचा. हजेरीपटावर ज्याचं नाव आहे त्याचीच हजेरी लागते. नाव नसलेलं पोरगं वर्गात बसलेलं असलं तरी पटावर दिसत नाही. म्हणून रिपोर्ट हातात आला की शेवटची ओळ वाचून थांबू नका. वरपासून वाचा आणि काय काय तपासलंय ते बघा.

शोधण्याची पहिली रीत: नावानिशी शोध

मोठ्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना एका बारीक भरलेल्या नळीतून दाबानं सोडतात. प्रत्येक पदार्थ त्या नळीत कमी-जास्त रेंगाळतो, म्हणून एकेक वेगळा होऊन बाहेर पडतो. बाहेर आला की दुसरं यंत्र त्याच्या कणाचं वजन करतं. किती वेळानं बाहेर आला आणि वजन किती, या दोन खुणांवरून पदार्थ ओळखतात. आधारकार्डावर फोटो आणि अंगठा दोन्ही जुळवतात तसंच हे. नायट्रेट, परक्लोरेटसारख्या क्षारांसाठी आयन क्रोमॅटोग्राफी नावाचं यंत्र असतं.

ही यंत्रं किती बारीक पाहतात? लिटरला एक मायक्रोग्रॅम म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम. चिमूटभर मीठ समजा. एवढंही ती पकडतात. परक्लोरेटसाठी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना लिटरला ७० मायक्रोग्रॅमची आहे. आपल्या देशात केरळमध्ये अलुवाजवळ, रॉकेट इंधनाचा घटक बनवणाऱ्या कारखान्याच्या आसपासच्या विहिरींत परक्लोरेट सापडलं, ते अशाच तपासणीतून. पण तिथं ते सापडलं कारण कुणीतरी त्या नावानं ते शोधलं. या रीतीची ताकद हीच आणि उणीवही हीच. विचाराल तेवढंच उत्तर मिळतं. शिवाय पाच-दहा रसायनं प्रत्येकी मर्यादेत असली, तरी ती एकत्र मिळून काय करतात, ते यंत्र सांगत नाही.

दुसरी रीत: बेडकाच्या पिल्लाची साक्ष

यावर शास्त्रज्ञांनी जी युक्ती काढली, ती आपल्या ओळखीच्या प्राण्यावर आहे. पावसाळ्यात डबक्यात वळवळणारी काळी शेपटीवाली पिल्लं सगळ्यांनी पाहिलीत. शाळेच्या पुस्तकात त्यांना भैकेर म्हणतात. शेपटी झडून, पाय फुटून त्याचा बेडूक होतो तो कशानं? थायरॉइडच्या संप्रेरकानं. आणि बेडकाचं ते संप्रेरक आणि आपलं संप्रेरक एकच आहे, कणाकणानं तेच. १९१२ साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञानं भैकेरांना जनावराची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ती वेळेआधीच भराभर बेडूक व्हायला लागली.

मग उलटा विचार झाला. संशयाच्या पाण्यात भैकेर सोडायचे. वाढ रखडली तर पाण्यात थायरॉइडला अडवणारं काहीतरी आहे. वाढ घाईनं झाली तर संप्रेरकासारखं वागणारं काहीतरी आहे. अशा २१ दिवसांच्या चाचणीला ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००९ मध्ये प्रमाण चाचणी म्हणून मान्यता दिली.

पुढं पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयातल्या बार्बरा डेमेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. त्यांनी आफ्रिकी बेडकाच्या पिल्लांत असा बदल केला, की थायरॉइडचा निरोप पोचला की पिल्लू हिरवं चमकतं. पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळं चमक बाहेरून मोजता येते. चमक नेहमीपेक्षा कमी किंवा जास्त झाली की समजायचं, पाण्यात काहीतरी गडबड आहे. ही चाचणी ७२ तासांत होते. २०१९ मध्ये ओईसीडीनं तिलाही मान्यता दिली. इथं रसायनाचं नाव आधी माहीत असावं लागत नाही. दहा रसायनांची खिचडी असली तरी तिचा एकूण परिणाम दिसतो. पण चमकणारं पिल्लू "काहीतरी आहे" एवढंच सांगतं, कोण आहे ते सांगत नाही. म्हणून आधी पिल्लाची साक्ष घ्यायची आणि मग यंत्रानं नाव शोधायचं, असा दोन्ही रीतींचा जोड लागतो.

ही चाचणी आपल्या जिल्हा प्रयोगशाळेत होत नाही. डबक्यातली पिल्लं आणून घरी प्रयोग करू नका, त्यातून काही कळत नाही. थंडी, ऊन, उपासमार यानंही त्यांची वाढ रखडते.

आपल्या हातातली एक तपासणी: नायट्रेट

तर मग आपण बसून राहायचं का? नाही. थायरॉइडला अडवणाऱ्यांपैकी एक जण असा आहे, जो आपल्याच गावात, आपल्याच बायांना शोधता येतो. तो म्हणजे नायट्रेट. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. त्या किटमध्ये नायट्रेटची तपासणी असते. पाण्यात औषध घालायचं, सांगितलेला वेळ थांबायचं आणि आलेला गुलाबी रंग पट्टीशी ताडून पाहायचा. रंग जितका गडद तितकं नायट्रेट जास्त. ४५ च्या वर गेलं तर ते पाणी मानकाबाहेरचं. या मर्यादेला सवलत नाही.

नायट्रेटचा थायरॉइडवर परिणाम होतो याला आधार आहे का? नेदरलँड्समधल्या १९९४ च्या एका अभ्यासात, लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेलं पाणी पिणाऱ्या बायकांची ग्रंथी वाढलेली दिसली. सगळ्या अभ्यासांत एकसारखं निघालेलं नाही. जेवणात आयोडीन पुरेसं असेल तर धोका कमी होतो. पण ४५ ची मर्यादा तान्ह्या बाळांसाठीही आहे. जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध दिलं, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. म्हणजे थायरॉइड बाजूला ठेवली तरी ही तपासणी कामाचीच आहे.

नमुना घेताना एवढं पाहा:

– बाटली स्वच्छ असावी. तेलाची, औषधाची बाटली चालत नाही.
– ज्याची तपासणी करायची त्याच पाण्यानं ती दोन-तीनदा खंगाळून मग भरा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतून निर्जंतुक करून येते, ती खंगाळायची नाही.
– हातपंप, बोअर असेल तर थोडं पाणी वाहू द्या, मग भरा. विहीर किंवा बंधारा असेल तर वरचा तवंग टाळून आतलं पाणी घ्या.
– बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहा. सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर २४ तासांत पोचवा.
– एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर घ्या. पाऊस पडला की रानातला युरिया झिरपून विहिरीत उतरतो.

किटमध्ये जास्त आलं तर तो शेवटचा निकाल समजू नका. गावच्या जलसुरक्षकामार्फत नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवा. तिथं यंत्रावर नेमका आकडा मिळतो.

नायट्रेट जास्त निघालं तर

पाणी उकळू नका. उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. तुरटीनं, कापडाच्या गाळणीनं, टीसीएल पावडरनंही ते जात नाही. आरओ यंत्रानं बरंच कमी होतं. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे दुसरा स्रोत. एका विहिरीचं पाणी वाईट निघालं तरी शेजारचा बोअर चांगला असू शकतो. गरोदर बाया आणि लहान लेकरं असलेल्या घरांना चांगल्या स्रोताचं पाणी आधी द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

मुळावर उपाय आपल्याच शिवारात आहे. आपल्याकडं घरोघरी देवणी जनावरं, म्हणजे शेणाचे उकिरडेही आहेत. उकिरडा आणि संडासाचा खड्डा विहिरीच्या कडेला नको. युरिया एकदम न टाकता हप्त्यानं टाका. फवारणीचा पंप ओढ्यात, नदीत धुवू नका. रिकाम्या बाटल्या बंधाऱ्यात टाकू नका. हे सांगायचं काम कृषी सखी चांगलं करू शकते.

आणि स्वयंपाकघरात मीठ बघा. दाराशी धक्काबुक्की चालू असेल तर आपल्या माणसांची संख्या वाढवणं हा साधा उपाय, म्हणजे पुरेसं आयोडीन. खडे मीठ बहुधा बिनआयोडीनचं असतं. आयोडीनयुक्त मिठाचं पाकीट आणा, झाकणाच्या बरणीत ठेवा, चुलीच्या धगीपासून लांब. आशाताईंकडं मीठ तपासायचं औषध असतं. थेंब टाकला की आयोडीन असेल तर मीठ निळं-जांभळं होतं. पण आयोडीन मिळावं म्हणून मीठ जास्त खाऊ नका, रक्तदाब वाढेल.

ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी पाणी बदललं म्हणून गोळी बंद करायची नाही. गरोदर बाईनं दर महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणीला गेल्यावर "माझी थायरॉइड तपासायला पाहिजे का?" असं डॉक्टरांना स्वतःहून विचारावं.

येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत

तीन गोष्टी विषयपत्रिकेवर घ्या. एक, आपल्या गावात किटचं प्रशिक्षण घेतलेल्या पाच जणी कोण, किट कुठं आहे आणि त्यातल्या औषधांची मुदत संपली आहे का. दोन, गावातल्या पिण्याच्या प्रत्येक स्रोताचा नायट्रेटचा आकडा वहीत लिहायचा, तारखेसह, जसे आपण बचतीचे आकडे लिहितो तसेच. तीन, नदीकाठच्या गावांनी मिळून ग्रामसभेत ठराव घ्यायचा, की मांजरेच्या पाण्याची उन्हाळ्यात एकदा कीटकनाशकांसह तपासणी व्हावी आणि रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. ठरावात "पाणी तपासा" एवढंच लिहू नका. काय तपासायचं त्याची नावं लिहा, म्हणजे उत्तरही त्या नावांनिशी येईल.

एका गावाची मागणी कागदात दबून जाते. दहा गावांच्या वह्यांत तीन-तीन वर्षांचे आकडे असले, तर ते बाजूला सारणं कुणालाही जड जातं. कर्जाचा हिशेब आपण बँकेला चोख दाखवतो. तशीच पाण्याची वहीही चोख ठेवू.